परातीतली शून्यं

आवो,

तुमाला पत्र लिहायची सवय तुम्हीच लावली. औरंगाबादला शिकाया राहायचे तव्हा म्हणायचे, "रंजे, सातवी शिकलीस ना? मंग दोन ओळी टाकीत जा. चुका झाल्या तरी चालत्यात." आता हे पत्र कोणत्या पेटीत टाकू? तरी लिहून राह्यले. कामून की मला भ्या वाटून राह्यलं, अन् सांगावं असं तुमच्याबिगर कोणी न्हाई.

येत्या बाजाराच्या दिवशी सुधीर भाऊजी येणारेत. तुमच्यासंगं एका खोलीत राहून तेच शिकणारे, तुमचे जोडीदार. त्यायला मला एका गोष्टीचं 'हो' नायतर 'न्हाई' सांगायचंय. 'हो' म्हणलं तर तुमच्या शिक्षणातलं एक मोठं काम तुमच्या नावानं छापून येतं. 'न्हाई' म्हणलं तर येत न्हाई. अन् खरं काय ते मला ठाऊकच न्हाई. आवो, बायकोला असं कोड्यात टाकून जातं का कोणी?

आत्याबाई अन् मामा, तुमचे आई-बाप, कापूस येचाया गेलेत. पोरगी झोळीत झोपली. मघाशी तिच्या कपाळाला हात लावला तर जरा गरम लागलं. मी ओला फडका घेऊन धावले. मंग कळलं, उन्हात खेळून आल्ती. पर असं व्हतं आता. कपाळ गरम लागलं की मला तुमचं कपाळ आठवतं.

तुमचं शिक्षण काय, ते मला पहिल्यांदी पंचमीला कळलं. आम्ही बाया देवळाम्होरं फेर धरून खेळत व्हतो, अन् तुम्ही पारावर बसून बगत व्हते. घरी आल्यावर म्हणले, "रंजे, माझं काम म्हंजी तुमचा फेरच हाय." मला वाटलं चेष्टा करून राह्यले. तर तुम्ही म्हणले, डोळ्याला न दिसणारी बारीक-बारीक चुंबकं अशीच हात धरून गोल उभी राहत्यात. एकीनं वर बगितलं की शेजारचीला खाली बगावं वाटतं. अन् फेराच्या आतून एक बाई सगळ्यायला हात लावत फिरती. फिरून परत जागेवर आली की सगळ्यायची खबर तिच्यापाशी जमा.

"तिला आम्ही लई मोठं इंग्रजी नाव ठिवलंय," तुम्ही म्हणले.

"आमच्या गावात तिला चुगलखोर म्हणत्यात," मी म्हणलं.

किती हसले तुम्ही! चहा सांडला सदऱ्यावर. तुमचं ते हसणं, आधी आवाजच न्हाई, निसते खांदे हलायचे, अन् मंग एकदम फुटायचं. ते ऐकून किती दिवस झाले हो!

मंग तुम्ही फळीवरचा रेडिओ घेतला. बटन पिळीत-पिळीत म्हणले, "हे बग. ती बाई जी खबर आणती, ती एकच नसती. तिला बी असं बटन हाय. पिळलं की खबर बदलती. पिळता-पिळता काही जागी बिलकुल गप्प. शून्य. त्या गप्प जागा मी शोधून राह्यलो."

"अन् मंग गाणं शोधा की!" मी म्हणलं. "जिथं काहीच वाजत न्हाई ते शोधाया सरकार पैसे देतं का तुमाला?"

तुम्ही रागावले न्हाई. तुम्ही माझ्यावर रागावलेच न्हाई कव्हा. म्हणले, "गप्प बसायच्या सगळ्या जागा कळल्या, की पुरं गाणं बराबर मांडता येतं. दुसरं काही लागत न्हाई. अन् त्या जागा असत्यात बी मोजक्याच. फेरात जितक्या बाया, तितकीच शून्यं पकडून चाल."

मला पुरं समजलं असं न्हाई. पर तुम्ही मला सांगत व्हते, ह्येच मला लई व्हतं. गावात कोणता माणूस बायकोला आपलं काम सांगतो?

सुटीला येताना कंपुटरमधले आकड्यायचे लांबच लांब कागद आणायचे. खाली बसून माझ्याकडून परात मागायचे, तुरीचे दाणे मागायचे. एकेक आकडा वाचायचा अन् परातीत त्याच्या जागी एक दाणा ठिवायचा. एक दाणा म्हंजी एक शून्य. असे ठिवता-ठिवता दोन रांगा व्हायच्या, पंगतीला समोरासमोर बसल्यावानी. ते बगून तुमचं तोंड असं फुलायचं, की मला त्या तुरीचा राग यायचा.

एकदा आत्याबाईनं परात उचलून ते दाणे भरडून वरणात टाकले. तुम्ही दोन घास खाल्ले अन् म्हणले, "आई, दिवाळीपासूनचं काम लई मऊ शिजलंय."

आत्याबाई म्हणल्या, "मंग आजूक वाढू का?"

हे आठवून मी आता एकटीच हसले. झोळीतली पोरगी दचकली.

पोरगी झाली, त्याच्या नंतरची ती शेवटची सुटी. तव्हा तुम्ही दुसऱ्याच फेरात अडकल्ते. दाव्याला पीळ देऊन गाठ मारावी, तसा पीळ देऊन जोडलेला फेर. ती आतली बाई निघताना सुलटी निघती अन् फिरून येती तर उलटी व्हून. म्हणत व्हते, ह्या पिळाच्या फेरात पंगत बराबर बसंना. काहीतरी राहून राह्यलं. पोरीला मांडीवर घेऊन दाणे मांडायचे. ती दाणे तोंडात घालायची, तुम्ही बोटानं काढायचे. "ही एक शून्य खाऊन बसली बग."

अन् त्या सकाळी न्हाणीतून ओल्या अंगानं पळत आल्ते. म्हणले, "सापडलं! रंजे, सापडलं!" मी भाकरी थापत व्हते. म्हणलं, काय सापडलं? तितक्यात घनसावंगीची जीप वेशीत हॉर्न मारून राह्यली. तुम्ही सदरा घातला, पिशवी उचलली, पोरीचा मुका घेतला. "आल्यावर सांगतो. दोघींला सांगतो." अन् उलट्या पायानं परत आले, तव्यावरली अर्धी भाकर मोडून घेतली, अन् गेले.

आल्यावर सांगतो म्हणले व्हते ना? मंग?

तिकडं उतरले तेच तापानं. सुधीर भाऊजी सांगतेत, खोलीत आले अन् "सापडलं, जरा पडतो, उठल्यावर सांगतो" इतकंच म्हणले. उठले ते बरळतच. दवाखान्यात मामा पोचले तव्हा तुम्ही कोणाला वळखत नव्हते. डाक्टर म्हणले, हिवताप मेंदूत गेला.

डासाचा हिवताप, असं डाक्टरनं मामाला समजून सांगितलं. पर गावात येईस्तोवर त्याचं दुसरंच झालं. "लई इचार केला, मेंदूला ताप चढला." हापशावर बाया बोलायच्या, मी घागर लावली की गप्प व्हायच्या. एक दिस एकीनं मला ऐकू जाईल असं दुसरीला इचारलं, "शून्य सोधाया गेल्ता म्हनं. घावलं का मंग?" दुसरी म्हणली, "घावलं की. बायकूच्या कपाळाला लावून गेला."

मी घागर तशीच अर्धी घेऊन घरी आले. कोणाला सांगितलं न्हाई. तुमाला सांगून राह्यले.

दहाव्याला गोदागंगेवर कावळा शिवंना. मी पोरीला घेऊन लांब गाडीपाशी बसल्ते. मामानं हात जोडून म्हणलं, "पोरीला शिकवू." शिवला न्हाई. "सुनंला लेकीवानी ठिवू." न्हाई. ऊन चढलं, लोकं कटाळले. मंग तुमचे थोरले चुलते म्हणले, "त्याचा जीव त्या कागदात अडकलाय. ते कागद सोडा गंगंत, मोकळा करा पोराला." लगेच फटफटी घरी पाठिवली, तुमच्या पेटीतले सगळे कागद आणले. सुटीत लिहिलेले, आकड्यायचे, सगळे. मामानं एकेक पान असं हळू पाण्यावर ठिवलं, जसं पोराला न्हाऊ घालून राह्यले. कागद जल्दी बुडत नव्हते. लांबपर्यंत पांढरे-पांढरे दिसत व्हते. अन् तितक्यात कावळा शिवला.

सगळ्यायला बरं वाटलं. मला बी वाटलं. खोटं कशाला सांगू? घरात ल्हानं लेकरू, अन् ज्या कागदानं मेंदूला ताप चढतो म्हणतेत ते कागद घरात. मला बी त्यायची भीती वाटायची. मायेनंच केलं सगळ्यायनी. पर तुम्ही तरी त्या कावळ्याला सांगायचं व्हतं की, कागद नका टाकू म्हणून! पिंडाला शिवायच्या आधी एवढं तर म्हणायचं!

ह्या गोष्टीला बी दिवस झाले. पोरगी चालाया लागली, बोलाया लागली. अन् मागल्या बाजाराच्या दिवशी सुधीर भाऊजी आले. वाळलेत लई. पिंपळगावाहून जीपनं आले, पोरीला चुरमुऱ्याच्या भत्त्याचा पुडा आणला. कागदाचं त्यायला आधीच ठाऊक व्हतं, मामानं सांगितल्तं. त्याचं काही बोलले न्हाई. चहा झाल्यावर म्हणले, "वहिनी, त्या पीळ दिलेल्या फेराचं मला आता दिसलंय. बाकी सगळी शून्यं रांगेत बसतात, पण दोन शून्यं रांग सोडून बाजूला उभी राहतात. ती दोन धरली की सगळं जुळतं."

मी म्हणलं, "चांगलं झालं की, भाऊजी."

"चांगलं झालं, पण कुणाचं झालं?" भाऊजी म्हणले. "तो आला तेव्हा म्हणाला, सापडलं. त्याला हेच सापडलं होतं का? तो तुम्हाला सगळं सांगायचा. 'दोन बाजूला गेली' असं काही म्हणाला होता का? म्हणाला असेल तर हे त्याचं आहे. मी त्याचं नाव पहिलं घालतो, विद्यापीठात सगळ्यांना सांगतो."

"अन् न्हाई म्हणले असले तर?"

"तर मग मलाच सापडलं म्हणायचं. शेवटी त्याचे आभार लिहायचे. पण मला ठाऊक तर पाहिजे, वहिनी. मला झोप येत नाही."

मामा बाजूला बसून ऐकून राह्यले व्हते. "आगं, म्हन ना मंग. दोन म्हनला व्हता म्हनून सांग."

आत्याबाई आतून म्हणल्या, "दोन कामून? चार म्हन. पोरगं काई कमी शिकल्यालं नव्हतं."

"आगं ये, बाजारातली भेंडी हाय का ती, दोनाच्या जागी चार मागाया!" मामा म्हणले. सुधीर भाऊजी हसले. मंग हसता-हसता त्यायनी डोळे पुसले.

मी म्हणलं, "भाऊजी, मला आठवू द्या. पुढल्या बाजाराला या."

ते गेल्यावर मामा माझ्याजवळ आले. तुमच्या बापाला कव्हा हात जोडताना बगितलंय का तुम्ही? त्यायनी माझ्याम्होरं जोडले. "बाई, एक शबुद तर म्हनायचाय. पोराचं नाव छापून येतंय. मी ते काचंत बसवून पारावर दाखवीन. तुला हापशावर काय-काय बोलत्यात, मला म्हाईत न्हाई व्हय? पोरगी मोठी व्हईल. तिला कोनी म्हनलं, तुझा बाप शून्य मोजून मेला, तर काय करशीन?"

त्यायला सगळं ठाऊक व्हतं. एका शबदानं बोललं नव्हतं म्हातारं.

तव्हापासून मी आठवून राह्यले. भाकरी करताना आठवते, कापूस येचताना आठवते. तुम्ही 'दोन' म्हणल्याचं काही केल्या आठवंना. 'सापडलं' एवढंच ऐकू येतं, अन् त्याच्या मागून जीपचा हॉर्न.

मंग परात आठवली. तुम्ही गेल्यावर भुईवर पडलेली परात म्याच उचल्ली व्हती. तिच्यात दाणे मांडलेले व्हते. कसे व्हते? डोळे मिटून बगितलं. दोन रांगा दिसल्या. अन् काठाला, अगदी काठाला, दोन दाणे दिसले, येगळे, सगळ्यायपासून लांब. म्हणलं, हेच! ह्येच तर तुमाला सापडलं!

पर उचल्ल्यावर दाणे सरकत्यात की हो. मी परात सपाट उचल्ली व्हती का वाकडी? अन् पोरीनं हात घातला असला तर?

तरी मनाला म्हणलं, दोनच व्हते. दुसऱ्या दिवशी परत डोळे मिटले, तर दाणे आजूक साफ दिसले. एक जरा फुटका बी दिसला. मला इतका आनंद झाला, की मामाला सांगाया उठल्ते. अन् काल परत बगितलं, तर काठाला तीन दिसले.

तीन! आवो, मी तशीच खाली बसले. मला कळलं, मी आठवत न्हाई. मी मांडून राह्यले. मला पाहिजे ते मांडून राह्यले.

अन् तुमचीच गोष्ट याद आली. एका हिवाळ्यात तुम्ही किती दिवसायचं काम फाडून चुलीत घातलं व्हतं. मी ओरडले, "आवो, येडे झाले का? बराबर बसल्तं ना सगळं?" तुम्ही म्हणले, "बसलं नव्हतं, रंजे. एक शून्य मला पाहिजे तिथं मी नेऊन बसवलं. ते आपल्या पायानं आल्तं का, ते म्या इचारलंच न्हाई." त्या दिवशी जेवले बी न्हाई. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीला कोणी उपाशी राहतं का? कोणाला कळणार व्हतं?

आता बी कोणाला कळणार न्हाई. तुम्ही न्हाई. कागद गंगेत गेले. माझ्या तोंडावर सगळं. मी 'हो' म्हणलं, तर सुधीर भाऊजी मानतील, मामा पारावर जातील, हापशावरल्या बाया गप्प व्हतील. एकीलाच ठाऊक राहील, मला. अन् तुमाला, कुठं असाल तिथं.

आवो, मला 'हो' म्हणू वाटतं. लई वाटतं. तुमचं नाव मी कव्हा तोंडानं घेतलं न्हाई. ते छापलेलं हातात घेऊन वाचावं वाटतं. पोरीचं बोट त्याच्यावर फिरवावं वाटतं. तुम्ही माझ्या जागी असते तर काय म्हणले असते, हे मला ठाऊक हाय म्हणून तर रडू येतं. थोडे कमी खरे असते तर काय बिघडलं असतं?

एकदा तरी स्वप्नात या. नाव-बीव जाऊ द्या, दोन का तीन ते बी नका सांगू. निसतं बसा, पाय लांब करून, टावेल खांद्यावर टाकून, अन् म्हणा, "ऐक ना रंजे." मी भाकरी टाकून ऐकते. जीप किती बी हॉर्न मारू द्या.

पोरगी उठली. माझा पदर ओढून राह्यली, लिहू देत न्हाई. जल्दी-जल्दी लिहिते.

मी ठरवलंय. भाऊजी आले की सांगीन, "तुमाला जे दिसलं ते तुमचं. तुमच्याच नावानं छापा, अन् बिनघोर झोपा. ह्यायला काय सापडलं ते मला ठाऊक न्हाई." मामाला वाईट वाटंल. दोन दिवस बोलणार न्हाईत माझ्याशी. पर तुमच्या नावानं खोटं मी लावणार न्हाई, हा माझा शबूद.

अन् पोरगी मोठी झाली, तिला कोणी काही बोललं अन् ती रडत घरी आली, तर तिला जवळ घीन अन् सांगीन, तुझ्या बापाला काय सापडलं ते दुनियेत कोणाला ठाऊक न्हाई. पर सापडलं व्हतं. म्या त्यायचं तोंड बगितलं व्हतं.

ताप-बीप काही न्हाई तिला. काळजी करू नका.

तुमच्या पोरीची आई,
रंजना